टेबलावरून पलंगावर गेलेली रेघ

तिला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. ऑफिसात ती ताई, सासरी सूनबाई आणि माहेरी घोरपड. हे शेवटचं नाव थोरल्या भावानं ठेवलेलं. लहानपणी घरातलं भिंतीवरचं घड्याळ मधूनच मागं पडायचं. घड्याळजीनं खोलून पाहिलं, पुसलं, आणि 'ठणठणीत आहे' म्हणून परत दिलं. ते पुन्हा मागं पडलं. ही पोरगी खेळ सोडून त्या घड्याळाखाली ठिय्या देऊन बसली आणि शेवटी तिनंच चोर धरला. घरात जाळी काढली की झाडूचा धक्का लागून घड्याळ कलायचं, आणि कललं की त्याचा लंबक रेंगाळायचा. भाऊ म्हणाला, "ही घोरपड आहे. चिकटली की सुटायची नाही." त्यानं टोमणा मारला होता, हिनं तो दागिन्यासारखा मिरवला.

पुढं ती नकाशे काढायचं शिकली. लिफ्टच्या एका कारखान्यात काही वर्षं तिनं तेच केलं, त्यामुळं रेघेशी तिचं जुनं सख्य. लग्नानंतर ती ज्या कंपनीत लागली ती कंपनी स्वतः नकाशे काढत नाही, नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बनवते. पूलवाले, यंत्रवाले, खुर्च्यावाले, सगळे त्याच्यावर काम करतात आणि अडले की फोन करतात. तो फोन उचलायचा, ही तिची नोकरी.

"म्हणजे अडला हरी म्हणतात तो तुम्हालाच फोन करतो," सासूबाईंनी एकदा हिशेब लावला होता.

"हो आई, आणि त्या म्हणीचं पुढचं अर्धं मला पाठ आहे," ती म्हणाली.

सासूबाई शिवणकाम करतात. सून आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते, म्हणून मधल्या खोलीतल्या एकाच मोठ्या टेबलावर दोघींचा संसार. एका अंगाला सुनेचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेली मोठी स्क्रीन, दुसऱ्या अंगाला कात्री, खडू आणि कापडं. हद्दीवरून रोज कुरबुर व्हायची आणि रोज मिटायची.

आता या कामात एक नवी भानगड आली होती. पूर्वी ज्याच्या टेबलावर मशीन त्याचं त्याच्यावर काम. हल्ली मोठी ऑफिसं सगळी ताकदवान मशीनं एका खोलीत बंद करून ठेवतात आणि माणसं दुसरीकडे बसून, साध्या लॅपटॉपवर, त्या मशीनचं नुसतं चित्र बघत काम करतात. त्याला म्हणतात व्हर्च्युअल डेस्कटॉप. चूल एका घरात आणि ताट दुसऱ्या घरात, असा प्रकार. सोयीचं आहेच. पण पदार्थ बिघडला तर कुणाचा हात चुकला हे कसं कळायचं? रांधणाऱ्याचा, वाढणाऱ्याचा, की ताट घेऊन येणाऱ्याचा? म्हणून तिच्या कंपनीनं नियमच केला होता. व्हर्च्युअलवाल्यांनी तक्रार आणली तर आधी तीच चूक टेबलावरच्या साध्या मशीनवर दाखवायची. तिथं दिसली तर आमची. नाही दिसली तर नमस्कार.

नियम अगदीच वेडगळ नव्हता. वरच्या साहेबांनी तो पुष्कळ डोकेदुखीनंतर केला होता. पण नियमाचं असं असतं, की तो बहुतेकांना पुरतो आणि एखाद्याच्या अंगाला येत नाही.

तो एखादा म्हणजे जिनेवाले काका.

लोखंडी जिने बनवणारी एक फर्म होती, दवाखान्यांचे, शाळांचे, गोदामांचे. हे गृहस्थ तिथले सगळ्यांत जुने नकाशेकार. ते घरून काम करत. त्यांची तक्रार अशी, की रेघ सरकते. पायरीच्या टोकावर बोट, म्हणजे माउसचा बाण, ठेवावं तर रेघ टोकाला न चिकटता जरा बाजूला जाऊन पडते. नेहमी नाही, मधूनच. आणि जिन्यात केसाएवढी चूक खाली असेल तर वरच्या पायरीपर्यंत ती हातभर होते.

नियमाप्रमाणं तिनं त्यांच्या फर्मच्या कॉम्प्युटरवाल्याला साध्या मशीनवर बघायला सांगितलं. त्यानं बघितलं. रेघ मुकाट्यानं टोकाला चिकटली.

"झालं तर," तिचे साहेब म्हणाले. "तक्रार बंद करा, ताई."

"थोडे दिवस द्या, साहेब."

"कशाला? चिकटलात वाटतं?"

"अजून नाही. वास घेतेय."

तिनं काकांना ते कळवायला फोन केला, तर त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बंद केलंत तर माझंही बंदच होईल."

"म्हणजे?"

"मालक म्हणतात, घरून काढलेल्या जिन्यांत चुका येतात. कंपनीच जबाबदारी घेत नसेल तर हा खेळ पुरे. महिना संपला की सगळ्यांनी ऑफिसात येऊन बसायचं. ज्याला जमत नाही त्यानं दुसरं बघायचं."

"आणि तुम्हाला जमत नाही?"

"घरी अडचण आहे," ते म्हणाले, आणि त्या शब्दापाशी त्यांनी दार लावून घेतलं.

तिनंही ते ढकललं नाही. पण आता मात्र ती चिकटली.

रोज ठरलेल्या वेळी ती त्यांची स्क्रीन आपल्या स्क्रीनवर बघत बसायची. काका पायरीमागून पायरी काढायचे, आणि रेघ अशी शहाण्यासारखी वागायची की जणू शाळेत तपासणीला साहेब आलेत. चूक होईचना. काका ओशाळले. "मॅडम, देवाशप्पथ सांगतो, काल संध्याकाळी राजरोस सरकत होती."

"दात दुखतो आणि डॉक्टरकडं गेलं की थांबतो, तसं आहे हे," ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर डोक्यात तेच फिरत राहिलं. आपण बघतो तेव्हाच का बरं दुखत नाही?

ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरचा चेष्टेनं म्हणाला, "ताई, तुम्ही त्यांना आंतरजालावरून दृष्ट काढून द्या."

"आधी कुणाची लागलीय ते कळू दे," ती म्हणाली.

मग एक दिवस तिनं ठरलेली वेळ मोडली. न सांगता, भर दुपारी फोन लावला. काकांनी उचलला, पण आवाज अगदी हळू.

"काका, आत्ता काम चाललंय?"

"चाललंय."

"रेघ?"

"सरकतेय. आत्ताच सरकली."

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, जवळून, थकलेला. "अहो, जरा उशी वर सरकवा ना." मग काहीतरी करकरलं, कापड सळसळलं, आणि काका पुन्हा फोनवर आले.

तिच्या ऑफिसात अशा वेळी विचारायचे प्रश्न ठरलेले होते. मशीन कुठलं, ग्राफिक्स कार्ड कुठलं, सॉफ्टवेअर कितवं. ती सगळी उत्तरं तिच्याकडं होती. तिनं त्यांतलं काहीच विचारलं नाही.

"काका, तुम्ही आत्ता बसलायत कुठं?"

"घरीच आहे की."

"घरी कुठं?"

ती थांबली. थांबणं हे तिच्या कामातलं निम्मं काम, आणि ते तिला चांगलं येतं.

"बायकोच्या पलंगाशी," ते शेवटी म्हणाले. "ती अंथरुणाला खिळून आहे. सकाळी मुलगी असते, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत टेबलावर मोठ्या स्क्रीनवर बसतो. दुपारी मुलगी कामाला जाते. मग मी छोटा लॅपटॉप घेऊन इथं येतो. तुमची वेळ सकाळची, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही. काम तेवढंच करतो, मॅडम. थोडं जास्तच करतो. पण मालकांना कळलं तर म्हणतील, हा जिने काढतो की उशा सरकवतो. म्हणून कुणाला बोललो नाही."

माणूस चोरी लपवतो तसं ते आपलं भलेपण लपवत होते. पण ती कामाची बाई. तिनं कामाचंच विचारलं. "टेबलावरून उठताना ड्रॉइंग बंद करता?"

"छे हो. हीच तर त्याची मजा आहे. टेबलावर अर्धी पायरी सोडायची, इथं येऊन लॅपटॉप उघडला की तीच अर्धी पायरी समोर उभी. मशीन तिकडं चालूच असतं ना."

चूल तिकडं पेटलेलीच, फक्त ताट बदललेलं. तिनं फोन ठेवला आणि ऑफिसच्या एका व्हर्च्युअल मशीनवर मोठ्या स्क्रीनवरून ड्रॉइंग उघडलं. ते बंद न करता लहान लॅपटॉपवरून तेच पुढं चालवलं. बोट टोकावर ठेवलं. रेघ गेली बाजूला.

साहेबांनी ते बघितलं, दोनदा करायला लावलं, आणि मान डोलावली. "पकडलीत खरी. पण ताई, हे पुन्हा व्हर्च्युअलच ना? आपले सॉफ्टवेअर बनवणारे म्हणतील, साध्या मशीनवर दाखवा. मी काय सांगू त्यांना?"

"साध्या मशीनवर माणूस टेबल उचलून पलंगावर जात नाही, साहेब. चूक तिथं दिसणार कशी?"

"तेच तर म्हणतोय. नियम आहे."

साहेब वाईट नव्हते. पण त्यांच्या वरही साहेब होते, आणि त्या साहेबांच्या वर नियम. महिना उताराला लागला होता. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चेहरा असा, की नवऱ्यानं भाजीत मीठ नसल्याचंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरूनच काम करत होती. समोर तिचंच साधं मशीन, त्याच्यात कंपनीचं सॉफ्टवेअर, मोठ्या स्क्रीनवर काकांचा जिना उघडा. नुसती टक लावून बसलेली. सासूबाई कापडाचा गठ्ठा घेऊन आल्या.

"सूनबाई, ऊठ. मला बेतायला टेबल हवंय. लांब अंगाचं कापड आहे, अर्ध्या टेबलावर मावत नाही."

"आई, थोडा वेळ."

"थोडा वेळ थोडा वेळ म्हणत सकाळ गेली. तू काही करतही नाहीस, नुसती बघत बसलीस. बघायचंच तर पलंगावर बसून बघ."

ती उठली. वाद घालायला अंगात बळ नव्हतं. मोठ्या स्क्रीनची केबल तिनं उपटली, लॅपटॉप काखोटीला मारला आणि पलंगावर जाऊन बसली. जिना तसाच उघडा होता, आता लहान स्क्रीनवर. सवयीनं तिनं पायरीच्या टोकावर बोट ठेवलं.

रेघ बाजूला जाऊन पडली.

तिनं टेबलाशी जाऊन केबल पुन्हा लावली, पुन्हा उपटली. रेघ पुन्हा सरकली. दुसरी खोली नाही, दूरचं मशीन नाही, व्हर्च्युअलचं नाव नाही. स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या मांडीवरचं, साधंसुधं मशीन. ती हसायला लागली.

"काय मोडलंस?" सासूबाई कात्री हातात घेऊनच आल्या.

"मोडलं नाही आई, सापडलं. आमचं सॉफ्टवेअर उघडताना एकदाच स्क्रीनचं माप घेतं. मग मधेच स्क्रीन बदलली तरी ते जुन्याच मापावर चालतं."

"म्हणजे माप घेतलं थोरल्याचं आणि सदरा घातला धाकट्याला," सासूबाई म्हणाल्या. "मग बाही लोंबणारच. आता टेबल माझं ना?"

"दिवसभर तुमचं."

साहेबांसमोर तिनं भाषण केलं नाही. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच लॅपटॉपवर ड्रॉइंग उघडलं, त्यांच्याच मोठ्या स्क्रीनची केबल काढली आणि म्हणाली, "आता तुम्हीच काढा रेघ."

साहेबांनी काढली. बाजूला पडलेल्या रेघेकडं ते बघत राहिले. मग खुर्ची मागं सारून म्हणाले, "हे तर आपलंच कार्टं निघालं. आणि आपण इतके दिवस शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होतो."

"साधं मशीन आहे, साहेब. नियमात बसतं."

"बसतं," साहेब म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "ताई, सुटलात का आता?"

"त्या मालकांना पत्र जाईपर्यंत नाही."

पत्र लागणारच होतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी चूक मान्य केली, पण नीट दुरुस्त करून द्यायला त्यांना वेळ हवा होता, आणि महिना तर संपत आला होता. तोवर उपाय साधा, जागा बदलली की ड्रॉइंग साठवून बंद करायचं आणि पुन्हा उघडायचं. हे सगळं कंपनीच्या शिक्क्यानिशी जिन्यांच्या मालकाला कळवायचं. फक्त एक काटा होता. चूक कशी होते ते लिहायचं, तर जागा बदलते हे लिहावं लागणार. आणि जागा का बदलते, हे मालक विचारणार.

तिनं काकांना फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "चूक आमची आहे, तुमच्या हाताची नाही. पण ते सिद्ध करायला टेबल आणि पलंग, दोन्ही लिहावे लागतील. तुमची परवानगी असेल तरच लिहीन."

काका घुटमळले. "पलंग न लिहिता नाही का होणार? दुसरी खोली म्हणा."

"दुसरी खोली लिहिते हवं तर. पण मालकांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

"मग राहू द्या," काका म्हणाले. "नको ते पत्र. बघतो मी दुसरं काहीतरी."

इतकं सगळं करून हातातोंडाशी आलेलं असं मातीत जाणार. पण दुसऱ्याच्या घरचं दार जबरदस्तीनं उघडायचं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. ती 'बरं' म्हणणार, तोच पलीकडं फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"त्या रेघवाल्या बाई का तुम्ही?" तोच थकलेला आवाज, पण आता त्याला धार होती. "मी पलंगावरची. मी ऐकतेय मघापासून. तुम्ही लिहा. खुशाल लिहा. मी आजारी पडलेय, दरोडा नाही घातला. आणि ह्यांना म्हणावं, माझ्यापायी लाज वाटत असेल तर उशी सरकवायलाही लाजा."

"अगं, लाज कुठं म्हटली मी?" मागून काका.

"मग काय म्हटलंत? लिहा हो बाई. पलंग असंच लिहा. खोली लिहू नका."

तिनं पलंग असंच लिहिलं. पत्रात तिनं एक वाक्य आपल्या पदरचं घातलं, की ही चूक कुणालाच दिसत नव्हती आणि ती सापडली ती केवळ या गृहस्थांनी दोन्ही जागी तितक्याच कसोशीनं काम केलं म्हणून. साहेबांनी ते वाचलं, पेन उचललं, थोडं थांबले, आणि काही न खोडता सही केली.

मालकानं पत्र वाचून काकांना फोन केला. काय बोलणं झालं ते काकांनी सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की मालक आधी चिडले. घरच्या आजारपणावर नाही, ते लपवलं त्यावर चिडले. मग म्हणाले, जिने नीट येतायत तोवर तुम्ही झाडावर बसून काढा. घरून काम करायची मुभा सगळ्यांचीच राहिली.

पुढं दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर आलं. ते आधी कुणी तपासायचं, यावर ऑफिसात फार चर्चा झाली नाही. काकांनी टेबलावर पायरी अर्धी सोडली, लॅपटॉप घेतला आणि चालत आतल्या खोलीत गेले. ती फोनवर त्यांची पावलं ऐकत होती. पलंग करकरला.

"ठेवलं बोट," काका म्हणाले.

"काढा."

फोनवर एक टिचकी ऐकू आली.

"चिकटली," काकांनी सांगितलं. मग पुन्हा, हळूच, जणू रेघ उठेल म्हणून, "चिकटली हो, ताई." मॅडमची ताई त्या दिवशी झाली.

कंपनीचा नियमही बदलला. आता व्हर्च्युअलवाल्यांची तक्रार आली की आधी विचारायचं, तुम्ही कुठं बसून काम करता, आणि मधे जागा बदलता का. दाखवण्यासारखी असेल ती चूक साध्या मशीनवर दाखवायचं काम आता ग्राहकाचं नाही, कंपनीचं. नव्या माणसांना हे शिकवायला साहेबांनी तिलाच उभं केलं. शिकवायला गेली तेव्हा तिनं बरोबर दोन स्क्रीन आणि एक केबल नेली, आणि बोलली फार थोडं. आता इतर ऑफिसांतल्या दोन-तीन अडलेल्या तक्रारीही त्याच प्रश्नानं सुटल्या. कुणी घरी लहान मुलाशेजारी बसून काम करत होतं, कुणी गाडीत. कुणालाच ते सांगायचं नव्हतं.

सासूबाईंनी ही हकीकत कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितली. दर वेळी तीत थोडी भर पडायची. एकदा तर जिना कोसळता कोसळता वाचला. नवरा दारात उभा राहून ऐकत होता, तो म्हणाला, "आई, हिनं सॉफ्टवेअर दुरुस्त नाही केलं. ते बनवणाऱ्यांनी केलं. हिनं फक्त चूक शोधली."

"फक्त?" सासूबाई मापाची टेप गळ्यात टाकत म्हणाल्या. "तू गेला आठवडाभर स्वतःचा चष्मा शोधतोयस. तो सापडू दे, मग बोल."

मधल्या खोलीत सूनबाईचा फोन वाजला. तिनं उचलला, समोरच्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि तिच्या पद्धतीनं, न घाई करता, विचारलं, "बरं, तुम्ही आत्ता बसलायत कुठं?"

सासूबाईंनी कपडे शिवून घ्यायला आलेल्या बाईकडं बघून भुवई उंचावली, आणि आवाज येऊ नये म्हणून कात्री खाली ठेवली.